कोकिळाबाईंची भरलेली कार्डं

कोकिळाबाई फिरकेंच्या हातचं डिस्चार्ज कार्ड जळगावात ओळखू यायचं. अक्षर मशिनचंच, पण समास दोरी लावल्यासारखा सरळ, आणि वरपासून खालपर्यंत एकही जागा कोरी नाही. पेशंटचं नाव, गाव, आजार, ऑपरेशन, औषधं, पथ्य, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं जिथल्या तिथे. ‘कोकिळाबाईंचं कार्ड म्हणजे भरलं घर,’ असं डॉक्टरसाहेब चारचौघांत म्हणायचे. पगारवाढीची वेळ आली की मात्र हे वाक्य त्यांना आठवत नसे.

कोरी जागा ठेवायची नाही, हे कोकिळाबाईंना भडगावला शिकवलं गेलं होतं. तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालेलं. इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस अशा टायपिंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास असल्यानं तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांना तात्पुरती जागा मिळाली. काम होतं दुखापतीचे दाखले टाइप करण्याचं. बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाडी निघाल्या, डोकी फुटली, की माणसं आधी पोलिसात आणि मग दवाखान्यात यायची. डॉक्टर जखमा मोजायचे आणि कोकिळाबाई टाइप करायच्या. जखम साधी की गंभीर, या एका शब्दावर कोण आत जाणार आणि कोण घरी, हे ठरायचं.

तिथले जुने कारकून सुकदेवनाना. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, “बाई, दाखल्यात मोकळी जागा सोडली म्हणजे घराचं दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे. कोण येईल, काय ठेवून जाईल, काय घेऊन जाईल, सांगता येत नाही. लिहायला काही नसेल तर आडवी रेघ मारायची. पण जागा सोडायची नाही.”

नानांनी हे अनुभवानं सांगितलं होतं. त्यांच्या आधीच्या कारकुनानं एका दाखल्यात एक जागा सोडली होती, तिथे मागाहून कुणीतरी ‘गंभीर’ असा शब्द बसवला, आणि तो कारकून कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झिजवून नोकरीला मुकला. कोकिळाबाईंनी ते मनावर कोरून घेतलं. तात्पुरती जागा काही कायम झाली नाही, पण ही शिकवण कायम झाली.

पुढे त्यांच्या नवऱ्याची, लीलाधररावांची, बदली जळगावला झाली. ते वीज मंडळात होते. कोकिळाबाईंना एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात टायपिस्टची जागा मिळाली, आणि मुलगी जागृती पाळण्यात असल्यापासून ती कॉलेजात जाईपर्यंत त्या त्याच खुर्चीवर बसल्या. सकाळी स्वयंपाक करून, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं काढून, मेहरूणच्या घरून पायी निघायचं आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत यायचं. टाइपरायटर बदलला, रिबिनी बदलल्या, खिडकीबाहेरचा निंब तोडून तिथे मेडिकल स्टोअर झालं. डॉक्टरसाहेबांची सांगायची पद्धत मात्र बदलली नाही.

ऑपरेशन आटोपून बेसिनपाशी हात धुता धुता ते सांगायचे. पाण्याचा आवाज, मागे सिस्टरची घाई, बाहेर नातेवाईकांचा गलका. “अपेंडिक्स. नेहमीसारखं. टाके आठवड्यानं. बाकी तुम्ही बघा.”

बाकी तुम्ही बघा, यातच अर्धं कार्ड असायचं. सुरुवातीला कोकिळाबाई नानांच्या शिकवणीप्रमाणे तिथे रेघा मारायच्या. एकदा साहेब चिडले. “ह्या रेघा कसल्या मारल्यात? पेशंटला वाटेल डॉक्टरला काही माहीतच नाही. काहीतरी लिहा ना. तुम्हाला का माहीत नाही काय असतं ते?”

कोकिळाबाईंना माहीत होतं. अपेंडिक्सला काय असतं, हर्नियाला काय असतं, पित्ताच्या खड्यांना काय असतं, सगळं तोंडपाठ झालं होतं. रेघांच्या जागी शब्द आले. ‘मागील आजार : काही नाही.’ ‘औषधाची ॲलर्जी : काही नाही.’ इंग्रजीत एकच छोटा शब्द, ‘निल’. तो तर साहेब बेसिनपाशी यायच्या आधीच टाइप होऊन जायचा. साहेब कार्डाच्या तळाशी बघायचे, सहीपुरतं. वर काय लिहिलंय ते वाचायला त्यांना सवड नसे आणि कोकिळाबाईंना त्याचा अभिमानच वाटे. न वाचता सही करतात, म्हणजे केवढा विश्वास.

नव्याण्णव साली हॉस्पिटलजवळच ज्ञानचंद शेठजींच्या कापडाच्या गोडाऊनचा वरचा मजला रिकामा झाला आणि तिथे क्लास निघाला. मुंबईच्या एका कंपनीचा होता. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटबद्दल जे बोलतात ते कॅसेटवर येणार, आपल्या मुलामुलींनी कानाला हेडफोन लावून ते ऐकायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचं. काम शिकायचं इथे, पण परीक्षेचे पेपर तपासले जाणार मुंबईला. त्या परीक्षेचं सर्टिफिकेट असेल त्यालाच कंपनी कामाला घेणार. बाकी डिग्री कितीही असो, उपयोग नाही.

जागृती बी.एस्सी. होऊन घरी बसली होती. तिच्या काकांनी, तोताराम भाऊंनी, जामनेरचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचा ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा धंदा, घरी केळीचा बाग, माणसं बरी. जागृतीला ते नको होतं. तिला नोकरी करायची होती आणि ती तसं स्पष्ट म्हणालीही. लीलाधररावांनी बराच विचार करून निकाल दिला.

“ठीक आहे. हा क्लास कर. सर्टिफिकेट आणलंस तर जामनेरवाल्यांना मी स्वतः जाऊन नाही सांगतो. नाही आणलंस, तर पुढे बोलायचं नाही.”

“कानात भोंगे घालून बसायची नोकरी,” सासूबाई म्हणजे ताईबाई दिवाणावरून म्हणाल्या. “लोकं म्हनतील पोरगी बहिरी हाये.”

“मग जामनेरवाले आपोआपच नाही म्हणतील, आजी,” जागृती म्हणाली. लीलाधररावही हसले.

कोकिळाबाईंना मनातून खात्री होती. हे काम म्हणजे आपलंच काम. साहेब बेसिनपाशी सांगतात, ते अमेरिकेतले मशिनमध्ये सांगतात, एवढाच फरक. आपण जे इतकी वर्षं केलं त्याला शेवटी काही नाव मिळणार, त्याचा कागद मिळणार, आणि तो आपल्या मुलीला मिळणार. भडगावला आपल्याला कायम केलं नाही, इथे कधी कोणी हुद्दा दिला नाही. पगारपत्रकात आजही ‘बाई, टायपिंग’ एवढंच लिहिलेलं असायचं. ते सगळं आता जागृतीच्या नावानं भरून निघेल, असं त्यांना वाटू लागलं.

त्यांनी शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला. रविवारी दुपारी जेवणं झाली की मायलेकी सरावाला बसायच्या. क्लासमधून आणलेली कॅसेट लावायची, जागृती हातानं लिहायची, कोकिळाबाई तपासायच्या. अमेरिकन उच्चार त्यांना सुरुवातीला कळेनात, पण आजार तेच होते. शब्द ओळखीचे निघाले की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

एकदा जागृतीच्या कागदावर त्यांना मधेच एक लांब मोकळी जागा दिसली.

“हे काय?”

“तिथे ऐकू येत नाही. खरखर आहे. सर म्हणतात, ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडायची, आणि कॅसेटवर ते कुठे आहे तो आकडा लिहायचा.”

“तुझ्या सरांनी कधी डॉक्टरच्या हाताखाली काम केलंय का?”

“ते पुण्याचे आहेत.”

“म्हणजे नाही केलेलं.”

जागृती हसली. कोकिळाबाई हसल्या नाहीत. “हे बघ, मोकळी जागा सोडली म्हणजे आपण काय सांगितलं? की मला येत नाही. परीक्षेला बसून असं कोणी सांगतं का? सराव म्हणून सर सांगत असतील. परीक्षेत बघतील कुणाचा पेपर पूर्ण आहे ते.”

“पण त्यांनी काय म्हटलं ते कळलंच नाही तर?”

“नेहमी जे असतं ते. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे ना हे? मग त्यात काय काय असतं, मी तुला कितीदा सांगितलंय.”

“आणि ते नसलं तर?”

“का नसेल? अमेरिकेतल्या माणसांची पोटं काय वेगळी असतात?”

जागृतीनं थोडा वेळ पेन्सिल दातात धरली. मग तिनं ती जागा भरली. आईचं चुकत असेल असं तिला तोपर्यंत कधी वाटलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगवह्या आईनंच टाइप करून दिल्या होत्या आणि त्यांना सगळ्यात जास्त मार्क पडले होते.

परीक्षा झाली. जागृती घरी आली ती आनंदात. सगळा पेपर लिहिला, म्हणाली, एकसुद्धा जागा सोडली नाही. कोकिळाबाईंनी त्या दिवशी शेवभाजी केली. लीलाधररावांनी जामनेरला जायच्या गाडीची वेळ विचारून ठेवली.

निकाल लागला तेव्हा ती नापास होती.

पास झालेल्यांत ज्ञानचंद शेठजींची भाची होती, जिच्या इंग्रजीला क्लासमध्ये सगळे हसायचे. आणखी एक मुलगा होता, ज्याचा पेपर म्हणे निम्मा कोराच होता. हे कळल्यावर कोकिळाबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट आली, जी आपल्याकडे कोणाच्याही डोक्यात आधी येते. वशिला. शेठजींचं गोडाऊन, शेठजींची भाची. त्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून अर्धी रजा घेऊन जागृतीसह गोडाऊनचा जिना चढल्या.

क्लासचे सोनटक्के सर तरुण होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. कोकिळाबाईंनी पाणी घेतलं नाही.

“आमच्या मुलीचा पेपर पूर्ण होता. ज्यांचे अर्धे कोरे होते ते पास झाले. हे कसं, तेवढं सांगा.”

सरांनी कपाटातून एक कॅसेट काढली. “तुम्ही हॉस्पिटलात टाइप करता ना? मग तुम्हीच ऐका.”

त्यांनी हेडफोन काढून आवाज मोठा केला. पित्ताच्या खड्यांचाच पेशंट होता. वय, तक्रार, तपासण्या. बाई गालात हसल्या, सगळं ओळखीचं. मग डॉक्टरचा आवाज ‘ॲलर्जी’ असं म्हणाला आणि मागे कसलीतरी जोराची घरघर झाली, जशी मिक्सरची होते. ती थांबली तेव्हा डॉक्टर पुढच्या मुद्द्यावर गेला होता.

“ही घरघर मुद्दाम टाकलेली आहे,” सर म्हणाले. “काय ऐकू आलं?”

“काही नाही.”

“तुमच्या मुलीनं काय लिहिलंय, बघा.”

जागृतीच्या पेपरात त्या जागी सुबक लिहिलं होतं : कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही.

सरांनी दुसरा कागद पुढे केला, ज्यावर घरघर घालायच्या आधीचा मूळ मजकूर होता. त्या माणसाला पेनिसिलिनची ॲलर्जी होती. मागे एकदा ते दिल्यावर श्वास बंद होऊन तो मरता मरता वाचला होता, असंही डॉक्टर त्या घरघरीखाली बोलला होता.

“हे कार्ड घेऊन तो माणूस दुसऱ्या दवाखान्यात गेला, आणि कार्ड बघून कोणी ते इंजेक्शन टोचलं, तर?”

“पेशंटला विचारतील की,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“तो शुद्धीवर नसला तर? कोरी जागा दिसली तर कोणीतरी थांबून चौकशी तरी करील. इथे लिहिलेलंच आहे, नाही म्हणून. मग कोण कशाला थांबेल?” सर आवाज न चढवता बोलत होते, ते जास्त लागत होतं. “अशा जागी आपलं वाक्य घातलं की पेपर तिथेच संपतो. बाकीचं कितीही बरोबर असो.”

“बाकीचं किती बरोबर आहे?”

“सगळं. अख्ख्या बॅचमध्ये एवढा चांगला पेपर दुसरा नव्हता.” सरांनी जागृतीकडे पाहिलं, मग आईकडे. “मी पहिल्या दिवसापासून हे शिकवत आलोय. हिला ही सवय लागली कुठून, मला कळत नाही. कोणी शिकवलं हिला?”

जागृती दाराशी उभी होती. तिनं आईकडे पाहिलं.

“घरी करायची सराव,” कोकिळाबाई म्हणाल्या. “आपली आपणच.”

दोघी जिना उतरल्या. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. रिक्षा करू का, असं आईनं विचारलं. जागृती म्हणाली, तू कर, मी चालत येते.

कोकिळाबाई हॉस्पिटलात परत गेल्या. मशिनवर अर्धं झालेलं कार्ड होतं, सकाळी घातलेलं. त्यावर ‘निल’ टाइप झालेलं होतं आणि पेशंट अजून ऑपरेशन थिएटरमध्येच होता. कोकिळाबाई त्या शब्दाकडे बघत बसल्या. किती कार्डं गेली असतील या हातून, आणि कोणकोणत्या गावांना? जामनेर, पाचोरा, एरंडोल, पार धुळ्यापर्यंत. पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत माणसांनी ती जपून ठेवली असतील. नव्या डॉक्टरला दाखवताना अभिमानानं पुढे करत असतील, मोठ्या दवाखान्याचं कार्ड आहे म्हणून.

संध्याकाळी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. क्लासची गंमत वाटून ते हसलेही.

“अहो, तिकडे वकील टपून बसलेले असतात. म्हणून त्यांचे हे सगळे नखरे. आपल्याकडे कोण बसलंय?”

“साहेब, आपल्या कार्डावर ती ओळ मी घालते. तुम्ही सांगता म्हणून नाही. मीच घालते.”

“मग काय झालं? सही माझी असते ना?”

“तुम्ही वाचता का?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना असा प्रश्न कधी विचारला नव्हता. “इतकी वर्षं झाली, कोकिळाबाई. काही झालं का कुणाला?”

“मला माहीत नाही. झालं असेल तर ते सांगायला इथे कोण येणार?”

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी आवाज मऊ केला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. “तुम्ही पोरीच्या निकालानं खचला आहात. असं करा, तिला उद्यापासून इथेच बसवा. तुमच्या हाताखाली तयार होईल. नवीन कॉम्प्युटर घेणारच आहे मी. इथल्या कार्डांना कसलं सर्टिफिकेट लागतंय?”

ही मेहेरबानी घेऊन त्या घरी आल्या. जागृती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. आईनं साहेबांचा निरोप सांगितला.

“नको,” जागृती म्हणाली.

“अगं, घरबसल्या नोकरी येतेय.”

“तुझ्यासारखी कार्डं भरायची ना? नको.” तिनं ओढणीची घडी घातली. “मी चुकले त्याचं काही नाही, मम्मी. मी पहिल्यांदाच करत होते. पण सरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाही.”

कोकिळाबाईंना यावर काहीतरी म्हणायचं होतं. लाज वाटली, असं म्हणता आलं असतं. पण मुलीपुढे ते तोंडातून निघेना, आणि कपड्यांची बादली उचलून त्या खाली आल्या.

निकालानंतर लीलाधररावांनी होकार कळवायला उशीर केला, आणि जामनेरवाल्यांनी फार वाट पाहिली नाही. त्यांना भुसावळची मुलगी मिळाली. तोताराम भाऊंनी येऊन लीलाधररावांना जे सुनवायचं ते सुनवलं. “हातचं सोडून पळत्यामागे लागलात. आता बसा कॅसेटा ऐकत.” लीलाधररावांनी तो राग बायकोवर काढला, तिनं तो पातेल्यांवर काढला. ताईबाई म्हणाल्या, भांडी काय चुकली?

जागृतीला परीक्षेला पुन्हा बसायची एक संधी होती. ती घरी सराव करेनाशी झाली. सकाळीच गोडाऊनच्या वर जाऊन बसायची. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांना परत गेला. डबा देताना कोकिळाबाई विचारायच्या, कसं चाललंय, आणि ती म्हणायची, बरं चाललंय. त्याच्या पलीकडे एक शब्द नाही. एकदा तिच्या टेबलावरचा सरावाचा कागद कोकिळाबाईंनी उचलून पाहिला. दोनतीन ठिकाणी रेघ ओढून जागा मोकळी सोडली होती आणि शेजारी बारीक आकडे. त्यातली एक जागा त्यांना सहज भरता आली असती. त्यांनी कागद होता तसा ठेवून दिला.

हॉस्पिटलात त्यांनी आपल्यापुरता एक बदल केला. ‘निल’ आधी टाइप करायचं बंद केलं. वॉर्डात जाऊन प्रत्येक पेशंटला विचारायचं, एखादं औषध तुम्हाला सोसत नाही का. माणसं गोंधळून जायची. पारोळ्याकडची एक म्हातारी सगळं डॉक्टरवर सोपवून म्हणाली, “बाई, आमले काय समजस? डाक्टरलेच बठ्ठं माहीत शे.” पण एखादा सांगायचाही. कुणाला सल्फाच्या गोळीनं अंगभर फोड आले होते, कुणाला इंजेक्शननं चक्कर. कोकिळाबाई ते लिहायच्या. उशीर होऊ लागला. घरी जायला निघालेले पेशंट कार्डासाठी खोळंबून बसले, नातेवाईक काउंटरवर वाद घालू लागले, शेवटची एस.टी. चुकेल म्हणून.

साहेबांनी रागावून काही म्हटलं नाही. त्यांनी रतिलालभाईंच्या छापखान्यातून नवीन कार्डं छापून आणली. गुळगुळीत कागद, वर हॉस्पिटलचं चित्र, निळी चौकट. रतिलालभाई स्वतः गठ्ठे घेऊन आले. “बाई, तुमचं काम हलकं करून टाकलं बघा. जे दर वेळेला तेच असतं, ते साहेबांनी छापूनच घेतलंय.”

ॲलर्जीपुढे ‘निल’ छापलेलं होतं.

कोकिळाबाईंनी पहिले काही दिवस, जिथे गरज होती तिथे, त्या शब्दावर मशिननं फुल्या मारल्या आणि वर खरं ते टाइप केलं. कौतिक नावाचा चोपडा एस.टी. डेपोचा ड्रायव्हर हर्नियाचं ऑपरेशन करून गेला होता. त्याला पेनिसिलिन चालत नव्हतं. त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं, तोंड सुजून डोळे मिटले होते म्हणून. आठवड्यानं टाके काढायला आला तेव्हा तो कार्ड घेऊन कोकिळाबाईंच्या टेबलाशी आला.

“बाई, हे बदलून द्या.”

“का हो? त्यात चुकीचं काही नाही.”

“चुकीचं नाही, पण खाडाखोड आहे. डेपोत बिल मंजूर करत नाहीत. तिथला साहेब म्हणतो, खोडलेला कागद चालत नाही. साफ कार्ड आण.”

“कौतिकभाऊ, हे खोडलेलंच तुमच्या जिवाचं आहे. हे असू द्या.”

“मी सांगेन ना तोंडी. मला काय माहीत नाही का माझं?” तो समजुतीनं म्हणाला, जसं लहान मुलाला सांगावं. “बिल अडकलंय, बाई. द्या साफ करून.”

मागे रांग होती. केबिनच्या काचेतून साहेब बघत होते. कोकिळाबाईंनी नवीन कार्ड मशिनमध्ये घातलं, नाव टाइप केलं, गाव टाइप केलं, हर्निया टाइप केलं. छापलेल्या ओळीपाशी आल्यावर रोलर एक ओळ पुढे सरकवला. साहेबांची सही झाली. कौतिकनं कार्डाला हात लावून नमस्कार केल्यासारखं केलं आणि ते खिशात घातलं.

त्याच महिन्यात जागृती पास झाली. कंपनीनं तिला ठाण्याच्या ऑफिसात घेतलं. ती बॅग भरत असताना कोकिळाबाई लोणच्याची बरणी, लाडवांचा डबा असं एकेक आणून ठेवत होत्या. ती आभार मानल्यासारखं ‘हो’ म्हणत होती, परक्याच्या घरी म्हणावं तसं. पहिल्या फोनवर तिनं ऑफिसचं वर्णन केलं. प्रत्येक कागद दोन माणसं तपासतात. शंका आली तर सरळ अमेरिकेत विचारणा जाते आणि तिथला डॉक्टर स्वतः उत्तर देतो.

“डॉक्टर उत्तर देतो?” कोकिळाबाईंनी विचारलं.

“द्यावंच लागतं, मम्मी. नाहीतर रिपोर्ट पुढे जातच नाही.”

मग पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

सर्टिफिकेटची झेरॉक्स लीलाधररावांनी चौकट करून पुढच्या खोलीत लावली. तोताराम भाऊ आता येणाऱ्याजाणाऱ्याला तीच दाखवत आणि जामनेरचं नावही काढत नसत. दिवाळीच्या आधी लीलाधररावांच्या ऑफिसातले एक गृहस्थ पत्नी आणि मुलीला घेऊन आले. मुलगी बारावीत होती. त्यांनी चौकटीपाशी उभं राहून इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचला.

“सगळं आईनं शिकवलं तिला,” लीलाधरराव म्हणाले. “हिची तर जन्माची लाइन आहे.”

“मग वहिनी, आमच्या पोरीलाही बसवा ना रविवारी तुमच्याजवळ,” त्या बाई म्हणाल्या. “तुम्हाला कितीसं अवघड आहे?”

“मला ते काम येत नाही,” कोकिळाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. त्यांना तो विनय वाटला. लीलाधरराव म्हणाले, ही अशीच आहे, स्वतःचं कधी सांगणार नाही. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून कोकिळाबाईंकडे आशेनं बघत होती.

“खरंच येत नाही,” त्या पुन्हा म्हणाल्या, तिच्याकडे बघून. “तू क्लासलाच जा. आणि तिथे जे सांगतील ते बरोबर का, हे घरी कुणालाही विचारू नकोस.”

ताईबाईंनी दिवाणावरून चहाचं काय झालं म्हणून विचारलं, आणि कोकिळाबाई उठून आत गेल्या.